दोरीवरची लाल चिंधी

मी ज्याचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्या माणसाचं नाव आनंदा. माझा थोरला भाऊ, माझा दादा. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटावरचे ढग जिथे थेट अंगणात उतरतात अशा एका गावात तो राहतो. या श्रावणात आई गेली, तेव्हापासून एकटाच. त्याला उजवा डोळा नाही. उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावाने माझा सत्कार केला, तेव्हा दादा मांडवात अगदी शेवटच्या ओळीत बसला होता, मान वळवून, डावा कान स्टेजकडे करून. शाल माझ्या खांद्यावर होती आणि मला ती सारखी घसरून पडेल असं वाटत होतं.

आज सकाळी सिंगापुरात धुरकं आलं. समुद्रापलीकडच्या बेटांवर जंगलं पेटतात, वारा फिरतो आणि तो धूर आमच्याकडे येतो. बहुतेक याच दिवसांत. सिमेईतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून एरवी चांगीला उतरणारी विमानं दिसतात. आज समोरचा ब्लॉकसुद्धा पुसट होता. बायको म्हणाली, "खिडक्या लावून घ्या, पडदे वास धरतात." मी खिडकी लावायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. जळक्या मातीचा, ओल्या पालापाचोळ्याचा वास. बंदुकीच्या दारूचा वास खरं तर असा नसतो. त्यात गंधक असतो, कुजलेल्या अंड्यासारखा तो नाकात चढतो आणि जिभेवर खारट उतरतो. पण आश्विन महिना आणि धूर हे दोन माझ्या डोक्यात एकदा एकत्र बांधले गेले ते गेलेच. इथे थंडी नाही, कापणी नाही, झाडांची पानं गळण्याचा काळ नाही. वर्षभर एकच हिरवं, एकच दमट. तरीही माझा एक ऋतू दरवर्षी न चुकता येतो.

त्या ऋतूत आमच्याकडे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात पिकायला येतं. लोंब्या वाकतात, त्यांचा रंग अजून पुरता सोनेरी झालेला नसतो, आणि दाणा दाताखाली धरला तर दूध येतं. हे दूध माणसांआधी रानडुकरांना कळतं. एका कळपाने एकदा शेतात लोळण घेतली की वर्षाचं पोट गेलं. म्हणून बांधावर चार बांबूंचा माळा, त्यावर गवताचं छप्पर, वाजवायला पत्र्याचा डबा, आणि ज्यांच्याकडे परवाना होता त्यांच्याकडे ठासणीची बंदूक. आमची बंदूक आजोबांच्या वेळची. पीक राखायचा परवाना आधी त्यांच्या नावावर, मग अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या. अप्पा गेल्यावर तो दादाच्या नावावर झाला.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे माझ्या मुलीला समजावून सांगताना मला फार कष्ट पडले. काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची. वरून काथ्याचा बोळा. तो गजाने ठासायचा. मग छर्रे, मग पुन्हा बोळा. मागे घोड्याखाली एक इवलीशी तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. म्हणजे उडायला हवा. कधी टोपी फुटते आणि काहीच होत नाही. पाऊस असेल, दारूला ओल आली असेल, तर ठिणगी आतल्या आत रेंगाळते. अशा वेळी बंदूक खाली घेऊन नळीत डोकावणारा माणूस संपला. "दम धर," अप्पा म्हणायचे, "तोंड डोंगराकडंच ठेव. तिला उशिरा बोलायची सवय असती." माळ्यावर दादा खांद्याला दस्ता लावून नुसता उभा राहायचा, श्वाससुद्धा जपून घेत, आणि मी खाली बांधावर कान झाकून.

आणि बार उडालाच नाही, तर भरलेली बंदूक रिकामी करणं सोपं काम नव्हतं. त्यासाठी अप्पांचा एक नियम होता. भरलेली बंदूक घरी आणली तर चापाला लाल चिंधी बांधायची. जो बार काढेल, त्यानेच ती चिंधी सोडायची. चिंधी दिसली की बंदूक भरलेली. दिसली नाही की कुणीतरी रिकामी केलेली. आईच्या जुन्या लुगड्याची होती ती चिंधी, तेलाने आणि दारूच्या काजळीने मूळचा रंग हरवलेली. हा नियम अप्पांनी आम्हा दोघांना माळ्यावर सांगितला होता, कान पिरगाळून. घरात कधी सांगितला नाही. बंदूक ही पुरुषांची बाब, ती घरातल्या खुंटीवर टांगलेली असली तरी. आईने तिला कधी हात लावला नव्हता आणि तिला काही सांगायला हवं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पंचवीस वर्षं होऊन गेली. या एका गोष्टीकडे मी परत परत येतो. नियम चांगला होता. फक्त तो शेतावर सांगितला गेला आणि बंदूक घरात राहत होती.

मी इथे एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठ्याचं काम पाहतो. चांगी बिझनेस पार्कात आमची इमारत आहे. तिथे दुरुस्तीसाठी एखादं पॅनेल बंद केलं की त्यावर कुलूप आणि लाल टॅग लावतात. ज्याने लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो नाहीतर साफसफाई करणारी आंटी. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवतात, अगदी चहा करणाऱ्या माणसालाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी उठून बाथरूममध्ये गेलो होतो. सगळ्यांना वाटलं, दुपारचं लक्सा, ते तिखट शेवयांचं सूप, बाधलं.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत वेनने विषय काढला. हा अमेरिकेतून बदलून आलेला आमचा सहकारी, मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, ताटं पुढे घेऊन बसलो होतो आणि त्याने फोनवर त्याच्या घरचा व्हिडिओ लावला. जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर, आमच्या बंदुकीसारखंच काळ्या दारूचं. सहा घरं, प्रत्येकात समोरून दारू, वर शिशाची गोळी, आणि त्यावर ग्रीसचा लेप, एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून.

"एकदा उन्हात ग्रीस वितळलं," तो हसत सांगत होता. "मला वाटलं, आहे की अजून थोडंसं. चाप एकदा ओढला आणि तीन घरं एकदम उडाली. हे बघ." त्याने अंगठा दाखवला. व्रण पांढरा पडला होता.

मे लिंग ऑफिसात माझ्या शेजारी बसते. ती चमच्याने सूप ढवळत म्हणाली, "ऐय्यो, हिअर यू ड्रॉ द पिक्चर ऑल्सो कॅनॉट, लाह. नुसतं चित्र काढलंस तरी पोलीस येतील."

सगळे हसले. वेनला आणखी चेव आला. आणखी एका वेळी टोपी फुटली, बार उडाला नाही, तो रिव्हॉल्व्हर वळवून बघणार तेवढ्यात मित्राने मनगट धरलं, आणि गोळी मातीत गेली. "तेव्हापासून माझा एकच नियम," तो म्हणाला. "मी स्वतः रिकामी बघितली नाही तोवर ती भरलेलीच. दुसऱ्याच्या खुणेवर भरवसा नाही."

"आणि ती खूण घरातल्याच माणसाची असेल तर?" मी विचारलं.

"तर तर मुळीच नाही," वेन म्हणाला, आणि चिकन राइसकडे वळला. त्याचं बरोबर होतं. पण हसण्यासारखी गोष्ट सांगायला अंगठा शिल्लक लागतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. विळे, कोयते, कुदळ, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. इथे आम्ही लॅपटॉप मांडतो. सई, माझी मुलगी, लहान होती तेव्हा ओरडली होती, "बाबा, यू पुट कुंकू ऑन द कॅमेरा! टीचर कॅनॉट सी मी, लाह!" दसऱ्याला आपट्याची पानं हवीत, तर आमच्या ब्लॉकखालच्या कांचनाची पानं तशीच जोडपानी असतात. सई म्हणते झाडाची तोडलीस तर दंड होईल, म्हणून मी खाली पडलेलीच वेचतो. या वर्षी यातलं काही नाही. आई गेल्यामुळे सण नाही.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या सांजेला दादाने डुकरांसाठी बंदूक भरली होती. बुरबुर पाऊस आला. टोपी फुटली, बार उडाला नाही. दादा दम धरून उभा राहिला, बंदूक बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कोल्हापुरात सैन्याच्या भरतीला जायचं होतं. धावणं, उंची, छाती हे सगळं आधीच पार पडलं होतं, डॉक्टरी तपासणी उरली होती. बार काढायला वेळ नव्हता. त्याने बंदूक घरी आणून खुंटीला टांगली, चापाला चिंधी बांधली आणि पहाटेच्या एसटीने गेला.

मी तेव्हा तालुक्याच्या शाळेच्या वसतिगृहात होतो. दसऱ्याच्या सकाळी घरी आलो. अंगण सारवलेलं, पाटावर हत्यारं ओळीने, आणि मधोमध बंदूक, तेल लावून चकचकीत, नळीच्या तोंडाला कुंकवाचं बोट, दस्त्यावर झेंडूची माळ. दोन दिवस ती तशी कोरड्या उन्हात होती. दुपारी दादा आला तो उड्या मारतच. तपासणीत पास. आईच्या पाया पडला आणि तिला उचलूनच घेतलं.

"सोड रं, पडशील आनि मला बी पाडशील," आई हसत होती. "फौजी झालास म्हंजे काय घोडा झालास व्हय?"

आमच्या गावात पालखी सीमेवर पोचली की एक बार उडवायची रीत होती. त्या वर्षी मान दादाचा, हे सांगायला लागलंच नाही. पोरं घरात शिरली, "चल फौजी, चल!" दादाने पाटावरून बंदूक उचलली. चापाकडे बघितलं. चिंधी नव्हती. त्याने विचारलं, "बार काढला काय कुनी?" ढोल इतके जवळ आले होते की त्याचं त्यालाच ऐकू गेलं नसेल. पोरांपैकी कुणीतरी मान हलवली, हो म्हणून की चल म्हणून, देव जाणे. चिंधी नाही म्हणजे कुणीतरी रिकामी केली. अप्पांचा नियम. दादाने सीमेवर आतल्या जुन्या बारावरच पुन्हा दारू ओतली, बोळा घातला, ठासलं.

मी आपट्याची पानं धरून गर्दीत उभा होतो. मला आवाज नेहमीसारखा वाटला नाही. बार उडतो तेव्हा आवाज पुढे जातो. तो आवाज मागे आला. धूर निवला तेव्हा दादा गुडघ्यावर बसला होता आणि शांतपणे आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, एका डोळ्याने. त्याच्याभोवती जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या होत्या. माळ काढायलाही कुणाला सवड झाली नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला जवळ ओढून सांगत होती, जणू मी देवाकडे जाऊन तक्रार करणार होतो. "समदं धुऊन पुसून ठेवलंतं रं मी. कायसुदिक घाण ठेवली न्हाई. बंदुकीच्या चापाला ती मळकी चिंधी व्हती, ती बी सोडून साबनानं धुतली. पोरगं पास हून येनार, म्हनलं समदं लख्ख पायजे. मग देवाला काय कमी पडलं?"

 मी तिच्या पायातल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे बघत राहिलो. धावत आली होती ती.

दादा शुद्धीवर आल्यावर मी आत गेलो. त्याच्या डोक्याला, डोळ्याला, हाताला पांढरं गुंडाळलेलं. मी म्हणालो, "दादा, आई म्हणते की ती चिंधी..."

त्याने उरलेला डोळा माझ्यावर रोखला. आवाज कोरडा होता. "चिंधी मी बांधलीच नव्हती. ईसरलो. कळलं?"

बाहेर आईच्या बांगड्या वाजल्या. ती दारापाशी आली होती.

"कळलं?" त्याने पुन्हा विचारलं.

"कळलं," मी म्हणालो.

कपडे आणायला मी घरी गेलो. अंगणात कुणी नव्हतं. पाट तसाच, फुलं सुकत चाललेली. आणि घरामागच्या परड्यातल्या दोरीवर, माझ्या शाळेच्या शर्टाशेजारी, ती चिंधी वाळत होती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तिचा खरा रंग दिसत होता. लाल, जवळपास नवीन. वाऱ्यावर ती हलत होती आणि मी तिला हात लावू शकलो नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दोरीवर शर्ट होता, चिंधी नव्हती. ती कुणी काढली, कुठे गेली, हे मला आजही माहीत नाही.

पोलिसांना दादाने तेच सांगितलं. गावाला तेच. "निष्काळजी" हा शब्द त्याच्या नावाला असा चिकटला की पुढे तो नावाचाच भाग झाला. कुणाचं पोर उघड्या विहिरीपाशी खेळलं तरी, "आनंदासारखं करू नगंस." चावडीवरची टवाळखोर मंडळी तो दिसला की विचारायची, "काय फौजी, चिंधी बांधलीस का धोतराला?" दादा हसायचा. हसून त्यांच्याकडूनच तंबाखू मागून घ्यायचा. भरती गेलीच होती. त्याच्यासाठी दोन-तीन स्थळं आली, ती डोळ्यामुळे परत गेली नाहीत. एका मुलीच्या बापाने आईसमोर स्पष्ट सांगितलं, "डोळ्याचं काय न्हाई हो, पन मानूस बेफिकीर. पोरीला कशी द्यायची?" आई पाण्याचे तांबे आत घेऊन गेली. दादा त्या माणसाला बसथांब्यापर्यंत पोचवून आला.

आणि मी शिकत गेलो. त्याने दोन म्हशी पाळल्या, उन्हाळ्यात काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसला, आणि मला म्हणाला, "तू फकस्त पुस्तकाकडं बघ. हिकडं बघायला माझा एक डोळा बास हाय." इंजिनिअरिंगला कोल्हापूरला निघालो तेव्हा माझी वळकटी त्यानेच बांधली. डाव्या हाताच्या तीन बोटांत दोरी धरून, दुसरं टोक दातांत. मी पुढे झालो तर खेकसला, "मला बांधता येतं." त्या वाक्यात काय काय होतं ते आम्हा दोघांनाच कळलं. मग दोघेही एसटीची वाट बघत उगीचच पावसाबद्दल बोलत राहिलो. भाताला किती हवा, किती नको.

आईला कळलं होतं का? हा प्रश्न मी पंचवीस वर्षं घेऊन हिंडतो. त्या व्हरांड्यानंतर तिने चिंधीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. पण तिला एक सवय लागली. कुठलीही गोष्ट तिला दोनदा बघून यायला लागायची. चूल विझली का, बघून ये. म्हशीचं दावं नीट आहे का, बघून ये. मी सिंगापूरला आल्यावर व्हिडिओ कॉलवरही तेच. "ग्यास बंद केलास?"

"आई, इथे गॅस नाही, विजेची शेगडी आहे. जाळच नसतो."

"बघून ये."

"अगं, आपोआप बंद होते ती."

"म्हादू, बघून ये म्हनते न्हवं."

मी उठून स्वयंपाकघरात जायचो, काळ्या थंड काचेवर तळहात ठेवायचो, परत यायचो. "बंद आहे." मग तिचा चेहरा सैल व्हायचा. सईला याची गंमत वाटायची. ती कॉल लागला की आधीच ओरडायची, "आजी, आय चेक ऑलरेडी!"

आईच्या तेराव्याला सगळे गावी गेलो होतो. पंगत उठली, बायका भांडी घासत होत्या, आणि आमच्याच भावकीतल्या एका म्हाताऱ्याने सईला जवळ बसवून घरचा इतिहास सांगितला. आजी किती नेटकी होती, आणि थोरल्या लेकाने कसा स्वतःच्या हलगर्जीपणाने जन्म वाया घालवला, माउलीला शेवटपर्यंत घोर लावला. सईने ते तिथे ऐकून घेतलं. परत आल्यावर एका संध्याकाळी, तानाह मेराहून घरी येताना, एमआरटीच्या, इथल्या मेट्रोच्या, दारापाशी उभं राहून तिने विचारलं, "बाबा, काका फर्गॉट टू चेक, इज इट? सो केअरलेस. अँड आजी हॅड टू सफर."

तिच्या आवाजात राग होता. आजीसाठी. तिचा राग खोटा नव्हता, म्हणून तो मला सहन झाला नाही. मी वचन दिलं होतं. जिच्यासाठी दिलं होतं ती आता नव्हती. पण आता खरं बोलायचं म्हणजे आईच्या हातावर ते ठेवायचं, आणि ते हात तर नुकतेच चितेवर गेले होते. गाडी सिमेईला थांबली, दारं उघडली, आम्ही उतरलो. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. बंदूक, टोपी, पाऊस, चिंधी, साबण, दोरी.

 दोन गाड्या येऊन गेल्या. मग सई मराठीत म्हणाली, तिच्या तुटक मराठीत, "म्हणजे आजीने पण काही चूक नाही केलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं."

"नाही सांगितलं."

"मग काका एकटा का घेतला सगळं?"

परवा दादाला फोन केला. त्याच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि त्याच्या ओट्यावर नेहमी कुणी ना कुणी बसलेलं असतं. तो म्हणाला, भात बरं आहे, डुकरांचा त्रास आहे, आता लोक शेतात भोंगे लावतात. मग म्हणाला, "म्हादू, एक सांगायचं ऱ्हायलं. जायच्या आदल्या दिशी आईनं मला जवळ बलावलं. हात माझ्या ह्या डोळ्यावर ठेवला. इतक्या वर्सांत कधी न्हाई ठेवलान. म्हनली, दुखतं काय रं अजून?"

"तू काय म्हणालास?" मी ओरडलो.

"न्हाई म्हनलं. काय म्हननार." आणि त्याने फोन ठेवला.

मी खिडकीत उभा राहिलो. मला जे बोलायचं होतं ते ओरडून बोलता येण्यासारखं नव्हतं. म्हणून कागद घेतला. कितीतरी वर्षांनी मराठीत पत्र लिहिलं. आज ते पुरं करून पोस्टात टाकलं. ते असं होतं:

तीर्थरूप दादास, साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. इकडे धूर आला आहे, पण काळजी करू नकोस, खिडक्या लावल्या आहेत. बघून आलो आहे.

तुला न विचारता मी एक काम केलं आहे. सईला सगळं सांगितलं. भावकीत तिने तुझ्याबद्दल जे ऐकलं होतं ते घेऊन ती मोठी झाली असती आणि मला ते झेपलं नसतं. तुला राग आला तर मला बोल, मी ऐकून घेईन. तिने कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. पुढच्या मे महिन्यात ती एकटी तुझ्याकडे राहायला यायचं म्हणते. तिला बंदुकीविषयी काही विचारायचं नाही. म्हशीची धार काढायला शिकायचं आहे, असं म्हणते.

आई तुझ्या डोळ्याबद्दल बोलली ते तू फोनवर सांगितलंस. मला वाटतं, ती तेवढंच विचारू शकत होती, आणि तू तेवढंच उत्तर देऊ शकत होतास. तुम्ही दोघे एका घरात पंचवीस वर्षं एकमेकांना सांभाळत राहिलात आणि मी लांबून बघत राहिलो. तिने एक मळकी चिंधी धुतली, बस. तिच्या लेकाच्या आनंदासाठी धुतली. त्यात तिचं काही चुकलं नाही. तुझंही नाही.

भाताला जप. माळ्यावर एकटा जाऊ नकोस, गुडघा दुखतो ना तुझा.

आता शेवटचं. तू माझ्याकडून दवाखान्यात एक वदवून घेतलं होतंस. आई होती तोवर मी ते पाळलं. आता तुझ्यासाठी मी ते मोडतो. मी त्या दिवशी कपडे आणायला घरी गेलो होतो. ती दोरीवर वाळत होती, माझ्या शर्टाशेजारी. मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दादा, चिंधी तू बांधली होतीस. कळलं?

तुझा,
म्हादू